लेथवरचे पेग आणि माझं हाड

वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "प्रज्ञा, तू बरं लिहितेस. नवीन येणाऱ्या पेशंटसाठी काहीतरी लिही. धीर येईल असं." मी हो म्हणाले, कारण तेव्हा त्यांच्या हातात सुई होती.

धीर माझ्याकडे नाही. तक्रारी भरपूर आहेत. उजव्या नडगीचं हाड मोडलं, मग त्या हाडात पू झाला, आणि पुढचे आठ महिने पाय राहतो की कापावा लागतो या एकाच प्रश्नाभोवती आमचं घर फिरत राहिलं. पाय राहिला. थोडा आखूड आहे, ढगाळ हवेत ठणकतो, पण माझा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही घाईघाईने शेवट उघडून पाहणार नाही. वॉर्डात मी प्रत्येक पुस्तकाचं तेच करायचे.

पेग

हे समजावून समजावून माझं तोंड दुखलंय, आता शेवटचं सांगते. माझी स्कूटर पेट्रोलवर चालत नाही. एक फळी, उभा दांडा, हँडल आणि दोन छोटी टणक चाकं. एका पायाने जमीन मागे ढकलायची आणि पळवायची. लहान मुलांची असते तशीच दिसते, पण बांधणी दणकट, कारण तिच्यावरून उड्या मारायच्या असतात. पेग म्हणजे चाकाच्या अ‍ॅक्सलला बाजूने बसवायच्या जाड, बोटभर लांब नळ्या. उडी मारून ते पेग रेलिंगवर टेकवायचे आणि तसंच सरकत खाली यायचं. 'पेग' हा शब्द ऐकून आसगावच्या माझ्या आत्याने काय समज करून घेतला आणि तो कोणाकोणाला सांगितला, ते मी इथे लिहीत नाही.

मी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या फॅक्टरी कॉलनीत वाढले. रस्ते रुंद, झाडं जुनी, फॅक्टरीच्या बसेस गेल्या की दिवसभर शुकशुकाट. स्कूटरसाठी याहून चांगली जागा जिल्ह्यात सापडायची नाही. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना नागपूरचा मावसभाऊ त्याच्या स्कूटरला कंटाळला आणि ती माझ्याकडे आली. पेग मात्र तिला नव्हते.

माझे बाबा टर्नर आहेत. लेथवर लोखंड कातण्यात त्यांची तीस वर्षं गेली. या तीस वर्षांत आपला एकही जॉब, म्हणजे कातलेला भाग, रिजेक्ट झाला नाही, हे ते लोकांच्या लग्नातसुद्धा सांगतात. फॅक्टरीतला खिळाही घरी आणायचा नाही असा माणूस, म्हणून रविवारी हायवेवरच्या मित्राच्या वर्कशॉपात जाऊन त्यांनी माझे पेग कातले. वहीच्या पानावर मी मापं लिहून दिली होती. संध्याकाळी त्यांनी रुमालात गुंडाळलेले दोन पेग माझ्यासमोर ठेवले. माप केसाइतकंही चुकलं नव्हतं. फक्त एक गोष्ट त्यांनी आपल्या मनाने केली होती. पेगवर नर्लिंग मारलं होतं.

नर्लिंग म्हणजे पान्याच्या मुठीवर असते ती तिरप्या रेघांची खरबरीत जाळी. पकड यावी म्हणून ती करतात. ज्या गोल वस्तूला माणसाचा हात किंवा पाय लागणार आहे ती गुळगुळीत सोडणं म्हणजे टर्नरच्या लेखी अर्धवट काम. बाबांनी मारलेलं नर्लिंग इतकं सुबक होतं की मी त्यावरून बोट फिरवत बसले.

"आता नाही घसरत," बाबा म्हणाले.

जी वस्तू सरकण्यासाठीच असते, तिच्यावर माझ्या बापाने न घसरण्याची सोय कोरून ठेवली होती. परीक्षा संपली होती, ऊन मी म्हणत होतं, आणि मला दम धरवत नव्हता. मी ते तसेच बसवले.

सात पायऱ्या

कॉलनीत बंद पडलेले दुकानांचे गाळे आहेत. त्यांच्यासमोर सात पायऱ्या आणि एक लोखंडी रेलिंग. मी वेग घेतला, उडी मारली, पेग रेलिंगवर बसला. हातभर सरकला आणि अडकला. स्कूटर तिथेच थांबली आणि मी पुढे गेले. पायरीची कड नडगीवर बसली. हाड कातडीबाहेर आलं आणि खालच्या मातीत, बकऱ्यांच्या लेंड्यांत टेकलं.

भंडाऱ्यात ऑपरेशन झालं, हाडाला स्टीलची पट्टी ठोकली. डॉक्टरांनी जखम धुतली, जेवढी धुता येते तेवढी. पण माती आधीच आत जाऊन बसली होती. टाके सुकेनात. महिनाभर आम्ही सगळे टाक्यांकडे पाहत होतो आणि एकमेकांना 'कालच्यापेक्षा बरं आहे' असं सांगत होतो. कालच्यापेक्षा बरं नव्हतं. ज्यांच्या घरी सध्या हे वाक्य चालू आहे त्यांनी आजच डॉक्टर गाठावा.

ज्या दिवशी कळलं

शेवटी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी नडगी अंगठ्याने दाबली. पिवळं पाणी आलं. त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "इन्फेक्शन हाडात गेलंय."

आई म्हणाली, "म्हंजे पिकलं का डॉक्टरसाहेब?"

"पिकलंच म्हणा."

"मंग फोडून टाका न. पू निघाला का मोकयं होते."

आईची समज गळवांपर्यंतची. डॉक्टर हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण पुढे ते म्हणाले, "पाय वाचवायचा प्रयत्न करू." दहावीला गणित कच्चं असलेली पोट्टी 'प्रयत्न करते' म्हणते, तो शब्द माझ्या पायाला लावायचा? मला तो फोटो त्यांच्या हातातून ओढून घ्यावासा वाटला. भीती वाटली की मला आधी राग येतो, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

बाबा भिंतीला टेकून उभे होते. हातात माझी फाइल. पायाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, बोलणार कशाला, स्वतःचं नर्लिंग आठवत असेल.

तिथून माझा हिशेब पक्का झाला. पाय चाललाय तो बाबांमुळे. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण रोज जवळ बाळगलं.

वॉर्ड

पट्टी काढली, हाड खरवडलं आणि पायाबाहेरून लोखंडी सांगाडा बसवला. चार सळ्या कातडीतून हाडात शिरलेल्या, वर नट आणि रिंगा. बाबांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा चष्मा लावून खाली वाकले आणि म्हणाले, "थ्रेड मस्त काढले हायेत." माझा तिळपापड झाला. माझा पाय सळ्यांवर टांगलाय आणि यांना सळ्यांवरचे आटे दिसतात. मी तोंड फिरवलं ते त्यांची परतीची बस सुटायची वेळ होईपर्यंत फिरवूनच ठेवलं.

वॉर्डात पहाटेच थर्मामीटर तोंडात येतं. मग सलाईनमधून औषध, ते दिवसातून तीनदा, सहा आठवडे. शिरा संपतात. सिस्टर हातावर टिचक्या मारत शीर शोधतात आणि 'मुंगी चावेल' म्हणतात. मुंगी चावत नाही. सगळ्यांत मला आवडायचे ते ड्रेसिंगवाले मामा. ते पडदा ओढायचे आणि सांगायचे, "दुखणार आहे. दहापर्यंत मोजतो, दहाला ओढतो." दहालाच ओढायचे, कधी आठला फसवलं नाही. त्या सहा आठवड्यांत माझ्याशी खरं बोललेला तो एकच माणूस, असं मला तेव्हा वाटायचं.

शेजारच्या खाटेवर पवनीच्या एक बाई होत्या. साखरेने त्यांच्या पायाची दोन बोटं गेली होती. त्या मला पाहून म्हणायच्या, "तू चोवीस तास लढाईवरच हायेस व पोरी." मी म्हणायचे, "तुमी नका पाहू इकडे." त्या तरीही पाहायच्या, आणि माझी सलाईनची बाटली संपत आली की सिस्टरला हाक मारायच्या. मी झोपलेली असले तरी. त्यांच्याशी मी नीट बोलले नाही, त्याचं मला वाईट वाटतं.

भेटायला येणाऱ्यांविषयी मी सविस्तर लिहू शकते, पण सिस्टर ते छापणार नाहीत. प्रत्येकजण केळी आणतो, खाटेच्या कडेवर बसतो, सांगाडा हलतो, आणि मग ज्याचा पाय असाच होता आणि शेवटी कापला अशा माणसाची गोष्ट सांगतो. आसगावची आत्या तर दार ओलांडतानाच सुरू झाली.

"पोरीच्या जातीनं असे धंदे करत असतेत का? आता हिले कोन करून घेईन?"

"ताई, तिच्यासमोर कायले बोलून राहिल्या?" आई कळवळून म्हणाली.

"आत्या," मी म्हटलं, "तुह्या बांधीत परे वाट पाहून राहिले. जाय न तू."

आत्या खरंच गेली, फणकाऱ्याने, शेतातल्या परह्यांकडे, म्हणजे भाताच्या रोपांकडे. आणि मग पावसाने जोर धरला, भाताची रोवणी, म्हणजे लावणी, लागली आणि महिनाभर गावाकडचं एक माणूस फिरकलं नाही. सगळे चिखलात वाकलेले. आजारपणातली ही माझी सगळ्यांत मोठी सुटी. ज्यांना दवाखान्यात पडायचंच आहे त्यांनी जमलं तर रोवणीत पडावं.

खाण्याचं मात्र बेकार होतं. औषधांनी तोंडाला गंज चढल्यासारखी चव. डॉक्टर रोज बजावायचे, अंडी खा, डाळ खा, खाल्लं नाही तर हाड भरणार नाही. आई घास करून पुढे धरायची आणि मी मान फिरवायचे. ती रडायची, मग मीही रडायचे, डबा तसाच राहायचा. बाबा दिवसाआड यायचे. ड्युटी सुटली की फॅक्टरीच्या बसने घराकडे न जाता नागपूरची एसटी पकडायचे, सोबत चार उकडलेली अंडी आणि भात-वरण. ते आले की आमचं वाजायचंच. पंखा लावला म्हणून, बंद केला म्हणून, अंड्याला मीठ कमी म्हणून. ते गप्प ऐकायचे, फार तर "बरं" म्हणायचे. त्या 'बरं'ने माझं डोकं आणखी फिरायचं. मग रागारागात मी अंडी तोंडात कोंबायचे आणि डब्याचं झाकण आपटायचे.

बोलून टाकलं

पाचव्या आठवड्यात ताप परत आला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा उघडावं लागेल. आत हाड कसं दिसतं त्यावर ठरेल. काय ठरेल, ते त्यांनी आईबाबांना बाहेर नेऊन सांगितलं, जणू मला मराठी कळत नव्हतं. फॉर्मवर लिहिलेलं मी वाचलं. गरज पडल्यास गुडघ्याखाली पाय काढण्यास संमती.

दुपारी बाबा खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. आई औषधं आणायला गेली होती. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या नर्लिंगनं माझा पाय जाऊन राहिला."

त्यांनी मान वर केली.

"पेग रेलिंगवरून सरकाले पायजे असते. तुमी जाळी मारली. तो अडकला. म्हून मी पडली."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "तू तं म्हनली होती, उभं राहाले पायजे. पाय ठेवाले."

आता ते सांगते जे मी तुमच्यापासूनही लपवून ठेवलंय. ते खरं होतं. मी तसंच म्हटलं होतं. रेलिंगवरून उडी मारून घसरणार असं सांगितलं असतं तर बाबांनी पेग केलेच नसते, उलट स्कूटर माळ्यावर टाकली असती. म्हणून मी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं होतं, यांच्यावर पाय ठेवून उभं राहायचं असतं, तोल सांभाळायला. बाबांनी ऐकलं आणि माझा पाय घसरू नये म्हणून नर्लिंग मारलं. जे सांगितलं त्याला ते काम अगदी बरोबर होतं. खरबरीत पेग रेलिंगवर धरतो, हे मला बसवतानाच माहीत होतं. खोटं उघडं पडेल म्हणून मी ते गुळगुळीत करून मागितले नाहीत.

हे सगळं त्या क्षणी माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, "मी असं म्हटलंच नाही. मी गुळगुळीतच सांगितलं होतं."

बाबांनी माझी सरकलेली चादर वर ओढली. मग म्हणाले, "असन. माझीच चूक असन."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण डॉक्टर कागद भरायला आले. "मार कसा लागला होता?" त्यांनी विचारलं. आई तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, "मी बनवलेल्या पार्टात फॉल्ट होता साहेब. माझ्या कामात चूक झाली." शेजारच्या खाटेवरच्या बाई ऐकत होत्या, आई ऐकत होती, मीही ऐकत होते. एकही जॉब रिजेक्ट न झालेला माणूस हे बोलला आणि त्याने संमतीच्या फॉर्मवर सही केली. मी छताकडे पाहिलं. मला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ते सोबत चालत होते आणि मी त्यांचा हात धरला नाही.

शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा मी चादर चाचपली. सांगाडा लागला. त्याच्या खाली अंगठा हलला. मी ओक्साबोक्शी रडले, आणि पवनीच्या बाई आमच्या आईला म्हणाल्या, "रडू द्या तिले, बरं झालं."

रेलिंग

सांगाडा हिवाळ्यात निघाला. नंतरही मी बाबांशी तुटक बोलायचे. खरं तर जास्तच, कारण आता त्यांच्याकडे पाहिलं की मला माझा आवाज ऐकू यायचा. 'मी असं म्हटलंच नाही.' इन्फेक्शनवर औषध असतं, यावर कोणी सलाईन लावून देत नाही. तुमच्या घरातही असं एखादं खोटं असेल तर ते फॉर्मवर सही व्हायच्या आधी बोला. नंतर ते फार जड होतं.

एका रविवारी सकाळी मी काठी टेकत गाळ्यांपर्यंत गेले. रेलिंग तसंच होतं. वरच्या टोकाला हातभर रंग खरवडलेला आणि त्यात तिरप्या रेघांची जाळी स्पष्ट उठलेली. जिथे पेग अडकला तिथे खोल घाव. मी त्या जाळीवरून बोट फिरवलं. पाय ठणकायला लागला तशी घरी आले.

बाबा जेवायला बसले होते. आई वाढत होती. मी काठी भिंतीला लावली, बसले आणि म्हटलं, "बाबा, तुमी बरोबर होते. मीच म्हटलं होतं उभं राहाले पायजे म्हून. मी तुमाले खोटं सांगितलं. दवाखान्यातबी खोटं बोलली."

बाबा वरण-भात कालवत होते. "मालूम हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तू पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी स्कूटर आनाले गेलतो. रेलिंगवर माझं नर्लिंग उमटलं होतं. उभं राहाले घेतलेला पेग रेलिंगवर कायले जाईन?"

आईचा हात पातेल्यात तसाच राहिला. मी विचारलं, "मंग तवा काहून नाही बोलले? डॉक्टरसमोर तुमची चूक हाय असं काहून सांगितलं?"

त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायले. घाई नव्हती त्यांना.

"तुह्या तोंडात अन्न जात नव्हतं," ते म्हणाले. "आईनं भरवलं तं तू रडे. मी आलो का चिडे, अन् चिडली का डबा खतम करे. डॉक्टर म्हने, खाल्लं तं हाड भरन. मी म्हटलं, चिडू दे."

दिवसाआड एसटीत उभं राहून हा माणूस माझा राग खायला येत होता, म्हणजे मी अंडी खावी. पाच आठवडे मला वाटत होतं की मी त्यांना शिक्षा देतेय. मला त्यांची माफी मागायची होती, गळ्यात पडायचं होतं, आणि त्याआधी, नेहमीप्रमाणे, मला भयंकर राग आला.

"तुमी मले मूर्ख बनवलं," मी म्हटलं, आणि ताट पुढे ओढून जेवायला लागले. बाबांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला.